फाटक्या शामिसेनच्या नोंदी: दांडी, कातडं आणि सावारी

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून टोकियोतल्या सेतागायाच्या बोरोइचीला गेले. जुन्या चीजवस्तूंचा हा बाजार १५७८ पासून भरत आलाय. हल्ली डिसेंबर आणि जानेवारीत, दोन्ही वेळा १५ आणि १६ तारखेला. एका म्हाताऱ्या बाईंच्या दुकानात जुन्या किमोनोंच्या ढिगाखालून काळपट लाकडाचं टोक बाहेर आलेलं दिसलं. ओढून काढलं तर शामिसेन, जपानचं तीन तारांचं वाद्य! पुढचं कातडं मधोमध फाटून आत वळलेलं, मागचं एका कोपऱ्यात सुटलेलं, तारा नाहीत, तीनपैकी दोनच खुंट्या. सहा हजार येन. घासाघीस केली नाही. दांडी हातात घेतली तेव्हाच वजनाने मन ठरलं होतं. इतकं बारीक लाकूड इतकं जड लागतं तेव्हा ते साधं नसतं, एवढं मिरजेत वाढलेल्या माणसाला कळतं.

घरी येताना रेल्वेत मांडीवर धरून बसले होते. समोरच्या आजींनी कातडं बघितलं आणि ‘अरेरे’ अशा सुरात काहीतरी पुटपुटल्या.

२० जानेवारी, शनिवार

सगळं सुटं केलं. शामिसेन सुटं करता येतं हेच मला नव्याने कळतंय. दांडी एकसंध दिसते, पण तीन तुकड्यांची आहे. सांध्यावर तळहाताने हलकेच ठोकलं की तुकडे सरळ रेषेत निघतात; पिळायचं मात्र नाही. लांब लाकूड वाकतं, म्हणून आखूड तुकडे, आणि शिवाय प्रवासाला सोपं.

भागांची नावं लिहून ठेवते, कारण ती मला फार आवडली. वरचं वळलेलं डोकं म्हणजे ‘तेनजिन’, हे एका देवाचं नाव. त्याचं मागे झुकलेलं टोक ‘एबिओ’, कोळंबीची शेपटी. खुंट्या जिथे बसतात ती खाच ‘इतोगुरा’, तारांचं कोठार. खुंटी ‘इतोमाकि’. दांडी ‘साओ’, म्हणजे नुसती काठी. दांडी खोक्याला मिळते तिथला फुगीर उतार ‘हातोमुने’, कबुतराची छाती. खोकं ‘दो’, म्हणजे धड. दांडीचाच एक बारीक भाग धडाच्या आतून आरपार जाऊन खाली टोक काढतो, तो ‘नाकागो’. त्या टोकाला रेशमी गोंड्यासारखी ‘नेओ’ अडकते आणि नेओला तारा. कातड्यावर उभी राहते ती घोडी, ‘कोमा’.

म्हणजे तारांचा सगळा ताण एका सलग काठीवर आहे, नेओपासून खुंटीपर्यंत. कातड्यावर फक्त घोडीचा दाब येतो. सतारीच्या भोपळ्यावर जशी तबली चिकटवलेली असते तसं इथे काही नाही. धड त्या काठीवर नुसतं ओवलेलं आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

सुमिदातल्या एका कारागिरांकडे घेऊन गेले. पंचाहत्तरीचे असावेत. मी त्यांना ‘सेन्सेई’ म्हणते, ते मला ‘इंदो-सान’ म्हणतात. त्यांनी कातड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दांडीचे तुकडे उचलले, एक डोळा मिटून दिव्यासमोर धरले आणि पृष्ठभागावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग म्हणाले, “कातडं जातच असतं. हिचं आयुष्य इथे आहे.”

दुरुस्ती मी स्वतः करावी आणि अडेल तिथे त्यांच्याकडे यावं असं ठरलं. कातडं मात्र त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्या नजरेखाली. ही अट त्यांची.

ही ‘होसोझाओ’, बारीक दांडीची, नागाउता गाण्याच्या साथीची. वरच्या बाजूला दांडी २४ मिमी भरली. जिउता गायकीला मध्यम दांडी घेतात, आणि गिदायू व त्सुगारू या शैलींना जाड, ‘फुतोझाओ’.

१२ फेब्रुवारी, सोमवार (सुट्टी)

जुनं कातडं काढलं. कडेने ओलं फडकं गुंडाळून दीड तास ठेवलं, मग लाकडी पट्टीने सोडवत गेले. कातडं चिकटवलेलं असतं ते मोची या चिकट तांदळाच्या खळीने, म्हणून पाण्याने सुटतं आणि लाकडाला इजा होत नाही. पक्कं चिकटवण्याची साधनं जपानला कमी नव्हती. तरी शेकडो वर्षं खळच वापरत आले, कारण कातडं पुन्हा काढावं लागणार हे पहिल्यापासून गृहीत आहे. आपल्याकडे पतंगाला भाताचं शीत लावायचे, त्याची आठवण झाली. सुटलेली खळ बोटांना तशीच लागत होती.

धड आतून साधं आहे. भारी वाद्यांत आतल्या बाजूला नागमोडी खोबणी कोरतात, ‘आयासुगि’ म्हणतात. आवाज आत विखुरतो आणि भरीव होतो. माझ्यात ती नाही. पण एका फळीवर शाईने लिहिलंय: ‘शोवा ४१, सहावा महिना’. म्हणजे १९६६. कुणीतरी तेव्हा कातडं चढवताना तारीख घातली. ती अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून तिथून ओलं फडकं लांब ठेवलं.

धडाचं लाकूड ‘कारिन’. कोपऱ्यातून निघालेला चिमूटभर भुसा काचेच्या पेल्यात पाण्यात टाकला आणि खिडकीत ठेवला. थोड्या वेळाने उन्हात बाजूने बघितलं तर पाण्याला निळी झाक! गावी मधुमेहासाठी बिवळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर पाणी ठेवायचे, त्या पाण्यालाही अशीच झाक येते. कारिन आणि बिवळा एकाच कुळातले.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आजची नोंद लांब होणार.

शामिसेनला पडदे नसतात. तार थेट लाकडावर दाबायची, तीही नखाने. त्यामुळे जिथे सूर लागतो तिथे वर्षानुवर्षं लाकूड झिजून खळगे पडतात. सुराच्या जागेला ‘कानदोकोरो’ म्हणतात आणि या झिजेला ‘कानबेरी’. माझ्या दांडीवर असे सात खळगे आहेत. पोलादी पट्टी आडवी ठेवून मागून दिवा लावला की पट्टीखालून प्रकाशाच्या चिरा दिसतात. सर्वांत खोल खळगा तिसऱ्या तारेखाली आहे, खाली धडाजवळ. ज्या कुणाची ही होती ती व्यक्ती वरच्या सुरांत रमणारी असणार. खळग्यात तार नीट टेकत नाही, सूर फुटतो आणि भलतीकडे खरखर येते.

खळगे भरून काढता येत नाहीत. इलाज एकच: सगळी दांडी सर्वांत खोल खळग्याच्या पातळीपर्यंत उतरवायची. रंधा नाही, दगड. सेन्सेईंनी तीन दगड दिले, भरड, मध्यम, मऊ. पाणी शिंपडायचं आणि दांडीच्या लांबीने ओढत जायचं.

दहा मिनिटांत दगडावरचं पाणी दाट होऊन लाल झालं. विटेसारखं लाल नव्हे. गडद, जांभळ्याकडे झुकणारं. बोटांच्या पेरांत बसलं. मी थांबलेच. हा रंग मी लहानपणी आजीच्या सहाणेवर पाहिलाय. गुडघा सुजला की ती बाहुलीच्या आकाराचं लाकूड उगाळायची आणि लेप लावायची. रक्तचंदन!

सेन्सेईंना फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘कोकि. चांगलं आहे.’ कोकि म्हणजे शामिसेनच्या दांडीचं सगळ्यात मानाचं लाकूड, आणि ते येतं भारतातून, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगररांगांतून. पाण्यात बुडतं इतकं घट्ट. म्हणून ताणाखाली वाकत नाही आणि नखाला सहज दाद देत नाही. खात्रीसाठी चिमूटभर गाळ अल्कोहोलमध्ये टाकला. पेला लालभडक झाला, तर साध्या पाण्यातला तुकडा पाण्याला फारसा रंगच देईना. त्यातला रंग अल्कोहोलमध्येच विरघळतो.

सहाणेवरचं लाकूड टोकियोत दगडावर उगाळत बसले होते आणि हाताला तोच रंग. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. काम पुढे गेलं नाही आज.

१० मार्च, रविवार

घासतेय. सात खळग्यांपैकी चार नाहीसे झाले.

१६ मार्च, शनिवार

सेन्सेईंनी पाहिलं. मी मधोमध जास्त उतरवलं होतं. पट्टीखाली मध्ये चीर, दोन्ही टोकांना अंधार. “दगड ढकलू नकोस, दगडाच्या वजनानेच जाऊ दे.” पुन्हा पहिल्या दगडापासून.

त्यांनी मापकाने दांडीची जाडी मोजली. म्हणाले, अजून एकदा, फार तर दोनदा अशी उतरवता येईल. मग हिच्यात लाकूड उरणार नाही. जपूनच वाजवायची असं काही म्हणाले नाहीत. किती घासणं शिल्लक आहे तेवढं सांगितलं.

२३ मार्च, शनिवार

दांडी सपाट! पट्टीखाली कुठेच उजेड नाही. मऊ दगड, मग सुती कापड, मग तळहात. या दांडीवर रोगण लावायचं नाही. घासूनच आतली चमक वर आली. तिरक्या उजेडात लाकडात पाण्यावरच्या लहरींसारखे पट्टे दिसतात. त्याला ‘तोचि’ म्हणतात आणि त्यावर दांडीचं मोल ठरतं. माझ्या दांडीत ते फक्त मधल्या तुकड्यात आहेत, पण आहेत.

सांधे घट्ट आहेत. तुकडे सुटे ठेवताना सांध्यांवर चढवायच्या लाकडी टोप्या (‘कारित्सुगि’) सेन्सेईंच्या डब्यात जुन्या पडल्या होत्या. त्यांनी मोजून बसणाऱ्या शोधून दिल्या. तिसरी खुंटीही त्याच डब्यातून आली, आबनुसाची. बाकीच्या दोन थोड्या उजळ आहेत. चालेल.

७ एप्रिल, रविवार

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली. लगेच काकांना फोन केला. ते सतारमेकर गल्लीतले, माझ्या बाबांचे मित्र. लहानपणी त्यांच्या दुकानात भोपळ्यांच्या राशीवर बसून मी गृहपाठ केलाय. खूश होते. मग माझं काम कुठवर आलं ते विचारलं.

मी म्हटलं, “काका, यालाही जवारी असते. सावारी म्हणतात.”

“घोडीवर?”

“नाही, वरच्या टोकाला. खुंट्यांच्या खाली.”

थोडा वेळ गप्प. मग, “उलट्या टोकाला? आणि सगळ्या तारांना?”

“एकाच. जाड तारेला.”

“फोटो पाठव बघू,” म्हणाले, “आणि घाई करू नकोस. जवारी म्हणजे एक केस जास्त घासला की गेली.”

तंबोऱ्याची जवारी अशी: घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर तार घासत थरथरते. शामिसेनमध्ये दुसरी आणि तिसरी तार ‘कामिगोमा’ नावाच्या पितळी मेरूवरून, वरच्या टोकाच्या आडव्या पट्टीवरून, जाते. पहिली तार मात्र त्या पितळेच्या बाहेरून, थेट लाकडावर. तिथे लाकडात लहानसा उंचवटा ठेवलेला असतो आणि त्यामागे उथळ दरी. थरथरताना तार त्या उंचवट्याला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते, आणि वरचे स्वर जागे होऊन झंकार उठतो. कातड्यावरचा आवाज एरवी लगेच विझतो; सावारी त्याला शेपूट देते. दुसरी-तिसरी तार सुरात लागली की पहिली न छेडताही गुणगुणते.

हे शामिसेनसोबत परदेशातून आलेलं नाही. १६व्या शतकात र्‍युक्यू बेटांवरून तीन तारांचं, सापाच्या कातड्याचं वाद्य साकाई बंदरात उतरलं. ते हातात घेतलं बिवा हे जुनं तंतुवाद्य वाजवणाऱ्या अंध गायकांनी. त्यांच्या कानात बिवाचा झंकार होता, म्हणून तो त्यांनी याच्यात आणला. बिवाचा मोठा लाकडी नखीसारखा ‘बाचि’ही आणला, आणि त्या माराला टिकेल असं मांजराचं आणि कुत्र्याचं कातडं. बाचिने तार छेडताना तो कातड्यावरही आदळतो, तालवाद्यासारखा.

२७ एप्रिल, शनिवार

कातडं. यावर घरात चर्चा झाली होती. मांजर किंवा कुत्र्याचं कातडं घरात नको हे माझं मत, आणि ते सेन्सेईंना स्पष्ट सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. तेही आता बहुतेक वेळा दुसरं काहीतरी वापरतात. कृत्रिम घ्यायचं की कांगारूचं? कांगारूचं घेतलं, कारण ते जुन्याच रीतीने, खळीने चढवता येतं.

मोचीचं पीठ गरम पाण्यात घोटायचं, फळीवर लाकडी पट्टीने रगडत राहायचं, पाकासारखी तार धरेपर्यंत. मी घोटलं. कातडं ओल्या फडक्यात रात्रभर होतंच. मागची बाजू आधी. कडेला कपड्यांच्या चिमट्यांसारखे मोठे लाकडी चिमटे लावले, प्रत्येकाच्या पाठीत पाचर ठोकली, चिमट्यांच्या दोऱ्या खालच्या ओट्याला आवळल्या. मग दोऱ्यांत काठ्या घालून पीळ द्यायचा, एकदा इकडे एकदा तिकडे, मध्ये मध्ये कातड्यावर बोटाने टिचकी मारून ऐकत.

रात्री नऊला सेन्सेईंचा फोन: डावा खालचा कोपरा सुटला. खळ पातळ झाली होती. मीच घाई केली होती.

३ मे, शुक्रवार (सुट्टी)

पुन्हा घोटली. या वेळी दीड तास. पट्टी उचलली की फळीवरून दोर उठत होता, तुटत नव्हता. सेन्सेईंनी बोट लावून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे बरोबर.

मागची बाजू चढली. कोपरे चारही धरलेत.

१८ मे, शनिवार

पुढची बाजू. हिला ताण जास्त लागतो, आणि इथे माझे हात त्यांनी बाजूला केले. मी फक्त काठ्यांना पीळ देत होते, ते सांगतील तेवढाच. टिचकी मारली की आवाज आधी ‘थप्प’ होता, मग ‘टप्प’, मग ‘टन्’ला जवळ. त्यानंतरचा प्रत्येक पीळ माझ्या पोटात गोळा आणत होता. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते. “आणखी अर्धा.” दिला. “आणखी थोडा.” माझा हात थरथरला. “बास.”

का बास, हे विचारलं. त्यांनी माझं बोट धरून कातड्यावर दाबलं. खाली जातच नव्हतं, पण अगदी शेवटी केसभर जागा होती. ती केसभर जागा राहिली पाहिजे, म्हणाले.

बाचि आदळतो तिथे अर्धगोल ‘बाचिगावा’ची पातळ चकती चिकटवली. आतल्या शाईच्या अक्षरांशेजारी, चढवण्याआधी, मी पेन्सिलीने तारीख लिहिली होती. जपानी नव्हे, देवनागरी आकड्यांत.

२ जून, रविवार

तारा. पहिल्या दोन रेशमी, तिसरी नायलॉनची. सर्वांत बारीक रेशमी तार फार लवकर तुटते, म्हणून. रेशमी तारांचा पिवळा रंग हळदीचा असतो. पाकीट उघडल्यावर नाकाजवळ नेलं, वास नाही आला. तारा वळून झाल्यावर त्यांना तांदळाचीच खळ देतात. वाद्यांच्या तारांचं रेशीम शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या उत्तरेला ओतो गावात अजून हाताने काढतात. म्हणजे या वाद्यात कातड्याला तांदूळ, तारेला तांदूळ आणि तारेलाच हळद. काकांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, “स्वयंपाकघरच म्हण की!”

नेओ जांभळी घेतली. कोमा खालच्या कडेपासून तीन बोटांवर उभी केली. वाजवून झालं की ती काढून ठेवायची, नाहीतर कातड्यावर दाब राहतो.

सूर: पहिली तार ‘योनहोन’, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी एक. ‘होनचोशि’त सा-म-सां, ‘निआगारि’त सा-प-सां, ‘सानसागारि’त सा-म आणि कोमल नि. दर पाच मिनिटांनी तारा उतरतात. नव्या रेशमाला ताणून ताणून बसवावं लागतं. खुंट्यांना खडू लावला.

पहिली तार छेडली. नुसता ठप्प आवाज. सावारी नाही.

१६ जून, रविवार

अपेक्षितच होतं: दांडी उतरवताना सावारीचा उंचवटाही उतरला. आता दरी खोल करायची, म्हणजे उंचवटा आपोआप उठेल. बारीक पटाशी. एक ओरखडा, तार चढव, ऐक, तार उतरव, पुन्हा ओरखडा.

चौदाव्या वेळी काहीतरी कुजबुजलं. पंधराव्या वेळी खरखर झाली, पण वाईट, पत्र्यासारखी. तार उंचवट्याला जास्त वेळ टेकतेय. मग पटाशी ठेवली आणि उंचवट्याचा माथा जुन्या मऊ कागदाने तीनदा, फक्त तीनदा पुसला.

तार चढवली. सा.

आवाज सुटला आणि सुटतच राहिला. मधमाशी खोलीत शिरून लांब जावी तसा. दुसरी तार मध्यमात लावून छेडली आणि पहिली, हात न लावता, तिच्यामागून गुणगुणायला लागली. मी फोन काढून काकांना ऐकवलं. तिकडे दुपार होती, मागे कुणीतरी तंबोरा लावत होतं.

“आणखी थोडी उघड,” काका म्हणाले. मग लगेच, “नको. राहू दे. तुझ्या सेन्सेईंना विचार.”

सेन्सेईंना नेऊन दाखवलं. त्यांनी एकदाच तार छेडली, पूर्ण विझेपर्यंत ऐकली, आणि वाद्य मला परत दिलं.

२३ जून, रविवार

यंदा कान्तोत, म्हणजे टोकियोच्या भागात, पावसाळी दिवस उशिरा लागले, परवा २१ तारखेला. खोलीत आर्द्रता ७८ टक्के. खळीला हा काळ वाईट. कोमा काढली, धडावर जाड जपानी कागदाची पिशवी चढवली, दांडीचे तीन तुकडे करून टोप्या घातल्या.

दिवाळीत मिरजेला जाणार आहे आणि काकांना ही हातात द्यावी अशी फार इच्छा होती. पण रक्तचंदन १९९५ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; त्याचे ओंडके, चिपा, भुकटी आणि अर्क सीमेपलीकडे न्यायला कागदपत्रं लागतात. तयार वाद्य त्यात येत नाही, पण सीमेवर कुणी अडवलं तर, ही धास्ती. तेव्हा या वेळी लाकूड इथेच राहील. दगडावरचा लाल गाळही मी वाळवून काचेच्या डबीत ठेवलाय, अर्धा चमचा असेल. आणि सेन्सेईंनी काल विचारलं, तंबोऱ्याच्या जवारीत घालतात तो दोरा सुती असतो की रेशमी. थोडा आणायला सांगितलाय.